विद्वत्तेचें वजन

आमच्या कळवणला उन्हाळ कांद्याचा मोसम सुरू झाला म्हणजे बाजार समितीच्या आवारांत पहाटेपासून गाड्यांची रीघ लागते. लिलावाच्या वेळीं व्यापारी गाडीपाशीं येतो, दोनचार कांदे हातांत घेतो, दाबून पाहतो, रंग पाहतो, पत्ती सुटली आहे कीं काय तें पाहतो आणि मग भाव बोलतो. गाडीचें वजन भुईकांट्यावर होतें. कांटा कोणाची भीड धरीत नाहीं. परंतु कांद्याची प्रत कांट्याला कळत नाहीं. व्यापाऱ्याला प्रत कळते. परंतु वजनही त्याच्याच अंदाजावर सोडलें तर शेतकरी नागवला जाईल. म्हणून बाजारांत कांटाही लागतो आणि पाहणारा डोळाही लागतो. आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे तो कांद्याचा नाहीं, विद्येचा आहे. परंतु या दोन गोष्टी मनांत ठेवल्या तर पुढील हकीकत समजण्यास सोपें जाईल.

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो आतां एका महाविद्यालयांत शिकवितो. हातांत चांगली वीतभर जाडीची एक फाईल होती. ती माझ्यापुढें ठेवून तो म्हणाला, “गुरुजी, हें माझें पंधरा वर्षांचें काम. वरच्या पदासाठीं अर्ज करावयाचा आहे. संशोधनाचा परिणाम काय झाला तें पुराव्यासह दाखवा, असें म्हणतात.” मीं पानें चाळलीं. छापील निबंध होते, परिषदांचीं प्रमाणपत्रें होतीं, कोणत्या निबंधाचा इतरांनीं किती वेळां उल्लेख केला त्याचे आंकडे होते. परंतु जें काम मला ठाऊक होतें तेंच त्यांत नव्हतें. या विद्यार्थ्यानें चार उन्हाळे आमच्या तालुक्यांतील कांद्याच्या चाळी हिंडून पाहिल्या होत्या. कोणत्या चाळींत कांदा किती सडतो, वारा कोणत्या बाजूनें खेळतो, जमिनीपासून तळ किती उंच असावा, हें सारें टिपून त्यानें मराठींत एक लहानशी पुस्तिका काढली होती. ती वाचून चाळ बदललेले शेतकरी माझ्या माहितीचे आहेत. मीं विचारलें, “अरे, तें कोठें आहे?” तो म्हणाला, “गुरुजी, त्याला रकाना नाहीं.”

हें उत्तर मला बोचलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. आयुष्य शाळेंत गेलें. संशोधनाचा अधिकार मला नाहीं. परंतु इतिहास वाचण्याची आवड आहे, आणि विद्वानाच्या कामाचें वजन करण्याचा प्रश्न कांहीं आजचा नाहीं हें मला ठाऊक होतें. आपल्या नाशिक जिल्ह्याचाच धागा धरून तो इतिहास आपणांपुढें थोडक्यांत ठेवतों.

प्रथम रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची हकीकत पाहूं. त्यांचा जन्म १८३७ सालीं मालवण येथें झाला. मुंबई विद्यापीठाची पहिली पदवी-परीक्षा १८६२ सालीं झाली. तींत उत्तीर्ण झालेल्या अगदीं थोड्या तरुणांपैकीं ते एक होते. त्यांनीं सिंधमधील हैदराबाद आणि रत्नागिरी येथें हेडमास्तरकी केली आणि पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयांत संस्कृतचे प्राध्यापक म्हणून हंगामी काम केलें. मुलांसाठीं त्यांनीं लिहिलेलें संस्कृतचें पहिलें पुस्तक तर पुढें कित्येक पिढ्यांच्या हातांत राहिलें. मग जागा कायम करण्याची वेळ आली. ती १८७३ च्या सुमारास विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांस मिळाली. पीटरसन भांडारकरांहून वयानें दहा वर्षांनीं लहान होते. न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, पीटरसन पुढें संस्कृत हस्तलिखितांच्या शोधांत नांव मिळविणारे विद्वान् निघाले. परंतु नेमणुकीच्या वेळीं दोघांचें काम तागडींत घालून पाहिलें असतें तर पारडें कोणीकडे झुकलें असतें, याविषयीं फारसा संशय राहात नाहीं. ज्या महाविद्यालयांत भांडारकरांनीं तो विषय शिकविला होता तेथेंच त्यांना दुय्यम जागेवर राहावें लागलें.

यानंतर एकच वर्ष गेलें. १८७४ सालीं लंडन येथें प्राच्यविद्या-पंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भांडारकरांना तिचें निमंत्रण होतें. ते जाऊं शकले नाहींत; परंतु त्यांनीं निबंध पाठविला. त्या निबंधाचा विषय आपल्या जिल्ह्यांतला होता. नाशिकहून मुंबईस जातांना वाटेवर त्रिरश्मि डोंगरांतील पांडव लेणीं लागतात. तेथील भिंतींवर कोरलेले लेख त्यांनीं लावून दाखविले. गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री, क्षहरात नहपान, त्याचा जांवई उषवदात, हीं नांवें आज शाळेच्या पुस्तकांत आहेत. परंतु त्या लेखांचा अर्थ लावून सातवाहनांचा काळ ठरविण्याची खटपट त्या वेळीं नवी होती. निबंध परिषदेच्या वृत्तांतांत छापला गेला आणि युरोपांतील पंडितांनीं तो वाचला. पुढें १८८५ सालीं जर्मनींतील गटिंगेन विद्यापीठानें भांडारकरांना सन्मान्य पदवी दिली आणि १८८६ सालीं ते व्हिएन्नाच्या परिषदेस स्वतः गेले. दरम्यान १८८२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील प्राध्यापकाची जागा त्यांना मिळाली होती. १८९३ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले.

या हकीकतींतून काय दिसतें? त्या काळीं विद्वानाच्या कामाचें वजन करण्याची लेखी रीत नव्हती. वरिष्ठांचें मत हीच तागडी. मत चांगलें असलें तर ठीक. नसलें, किंवा मतामागें जात, वंश, ओळखपाळख असें कांहीं असलें, तर त्यावर दाद मागण्यास जागा नव्हती. भांडारकरांच्या पाठीशीं छापलेले निबंध होते, परदेशच्या पंडितांचीं निमंत्रणें होतीं, इतरांनीं आपल्या ग्रंथांतून केलेले उल्लेख होते. आज ज्याला संशोधनाचा परिणाम म्हणतात त्याचा हा पुरावाच होय. परंतु जो तो मागतच नाहीं त्याच्यापुढें पुरावा मांडून काय उपयोग? भांडारकरांना न्याय मिळाला तो त्यांच्या दीर्घ उद्योगामुळें. दुसऱ्या एखाद्याचा धीर तेथेंच खचला असता.

वरिष्ठांच्या एका शब्दानें काय होतें याचा मलाही थोडासा अनुभव आहे. मी एका शाळेंत असतांना एका वर्षीं माझ्या गोपनीय अहवालांत ‘साधारण’ एवढाच शेरा पडला. त्या वर्षीं कोणती चूक माझ्या हातून झाली तें मला कोणीं सांगितलें नाहीं. वरिष्ठ श्रेणी लांबली तेव्हां कचेरींतील कारकुनाच्या तोंडून शेरा कळला. हें रडगाणें म्हणून सांगत नाहीं. शेरा लिहिणाराला कारण द्यावें लागलें असतें, तर कदाचित् तो बरोबरही ठरला असता. सांगावयाचें तें इतकेंच कीं, आंकड्यांना नांवें ठेवण्यापूर्वी आंकडे कोणाच्या मदतीला आले याचा विचार करावा. ज्याच्या पाठीशीं कोणी नाहीं अशा माणसाला आंकडा हा आधार वाटला तर त्यांत नवल नाहीं.

हे आंकडे कोठून आले तें आतां पाहूं. योगायोग असा कीं, ज्या सुमारास भांडारकरांची जागा हुकली त्याच १८७३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत फ्रँक शेपर्ड नांवाच्या गृहस्थानें वकिलांसाठीं एक सोय सुरू केली. एखाद्या खटल्याचा निकाल पुढील निकालांत कोणीं आधाराला घेतला, कोणीं फिरविला, याची नोंद तो डिंक लावलेल्या लहान चिठ्ठ्यांवर छापून देई आणि वकील त्या चिठ्ठ्या आपल्या कायद्याच्या पुस्तकांत चिकटवीत. जुना निकाल अजून जिवंत आहे कीं मेला, हें त्यावरून समजे. विद्वानांच्या मोजदादीशीं याचा कांहीं संबंध नव्हता.

पुढें १९२७ सालीं ग्रॉस आडनांवाच्या दोन अभ्यासकांनीं रसायनशास्त्राच्या एका प्रमुख अमेरिकन मासिकांतील एका वर्षाच्या अंकांतले संदर्भ मोजले. त्यांची अडचण आपल्या गांवच्या वाचनालयाच्या चिटणीसाची असते तशीच होती. पैसे थोडे, मासिकें पुष्कळ, घ्यावीं कोणतीं? ज्या मासिकांचा आधार इतर लेखक वारंवार घेतात तीं आधीं घ्यावींत, असा त्यांनीं तोडगा काढला. येथेंही मोजमाप मासिकांचें होतें, माणसांचें नव्हतें.

यानंतर यूजीन गारफील्ड यांचें नांव येतें. शेपर्डच्या संस्थेंतील एका जुन्या अधिकाऱ्यानें त्यांना पत्र लिहून वकिलांची ती युक्ति कळविली होती. गारफील्ड यांनीं १९५५ सालीं ‘सायन्स’ या साप्ताहिकांत लेख लिहून सुचविलें कीं, शास्त्रीय निबंधांचीही तशीच सूचि करावी. म्हणजे एखाद्या निबंधाचा पुढें कोणीं कसा उपयोग केला तें शोधतां येईल, आणि चुकीचा ठरलेला निबंध कोणी नकळत आधाराला घेणार नाहीं. १९६४ सालीं फिलाडेल्फिया येथून त्यांच्या संस्थेनें विज्ञानाची उल्लेख-सूचि प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वाटाड्या म्हणून निघालेली ही सूचि हळूहळू कांट्याच्या जागीं जाऊन बसली. मासिकाला सरासरी किती उल्लेख मिळतात त्यावरून मासिकाचा प्रभावांक निघाला, आणि मासिकाचा अंक त्यांत लिहिणाऱ्या माणसाच्या खात्यावर जमा होऊं लागला. २००५ सालीं हर्श या भौतिकशास्त्रज्ञानें माणसाचाच अंक काढला. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकीं निदान दहा उल्लेख आहेत त्याचा अंक दहा. हिशेब करण्यास सोपा, म्हणून नेमणुकीच्या समित्यांना तो आवडला. मासिकाच्या अंकावरून माणसाची पारख करूं नये, असें खुद्द गारफील्ड यांनीं वारंवार बजाविलें होतें. परंतु एकदां वस्तु बाजारांत आली म्हणजे ती घडविणाराचें कोण ऐकतो?

आतां पुन्हा आपल्या जिल्ह्यांत येऊं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयांत असतांना १९२७ सालीं त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं ते पदवीधर झाले. पुढील पदवी त्यांनीं घेतली नाहीं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथें शाळेंत शिकवीत होते. माझ्यासारख्या शाळामास्तराला हें नांव घेतांना अभिमान वाटतो, त्याचें कारण हेंच.

कापरेकरांनीं १९४९ सालीं एक गोष्ट शोधून काढली. कागद पेन्सिल जवळ असेल तर आपणही करून पाहा. ज्यांतील चारी अंक एकच नाहींत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. आपण कापरेकरांचें जन्मवर्षच घेऊं, १९०५. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडले कीं ९५१० होतात, चढत्या क्रमानें ०१५९. वजाबाकी करा, ९३५१ येतात. याच रीतीनें पुढें गेलें म्हणजे ८१७२, मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यापुढें किती वेळां केलें तरी ६१७४ च येणार. कोणत्याही संख्येपासून निघा, सात पायऱ्यांच्या आंत आपण या मुक्कामीं पोंचतों. मद्रासच्या गणित परिषदेपुढें त्यांनीं १९४९ सालीं ही गोष्ट मांडली. १९५५ सालीं अमेरिकेंतील एका गणित-मासिकांत त्यावरचें टिपण आलें. त्याखेरीज ज्यांना आज जग त्यांच्या नांवानें ओळखतें त्या कापरेकर संख्या, डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नांवावरून ठेवलेल्या डेम्लो संख्या, आणि ज्यांना देवळाली संख्या असेंही नांव पडलें त्या स्वयंभू संख्या, असे कितीतरी शोध त्यांच्या खात्यावर आहेत. त्यांतले पुष्कळसे त्यांनीं स्वखर्चानें लहान लहान पुस्तिका छापून देवळालीहून प्रसिद्ध केले.

आपल्याकडील कित्येक गणितज्ञांना हें काम किरकोळ करमणुकीचें वाटलें. त्यांना सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. संख्यांच्या गमतींतून मोठा सिद्धान्त निघतोच असें नाहीं. परंतु १९७५ सालच्या मार्च महिन्यांत मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांतील आपल्या सदरांत कापरेकरांच्या संख्यांविषयीं लिहिलें आणि देवळालीच्या मास्तरांचें नांव जगभर गेलें. त्या वेळीं कापरेकर सत्तर वर्षांचे होते. नोकरींतून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षें झालीं होतीं. १९८६ सालीं ते वारले. आज ६१७४ ही संख्या किती तरी देशांतील मुलांच्या गणिताच्या पुस्तकांत आहे, आणि संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणारीं मुलें सरावासाठीं तिचेंच उदाहरण घेतात.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. १९६२ सालीं कापरेकर निवृत्त झाले त्या दिवशीं एखाद्या समितीनें त्यांच्या कामाच्या परिणामाचा पुरावा मागितला असता, तर त्यांनीं काय दाखविलें असतें? स्वतः छापलेल्या पुस्तिका. त्यांचा प्रकाशक नामांकित नव्हता आणि शाळामास्तरांच्या शोधांसाठीं बढतीची कोणती पायरीही नव्हती. शोध १९४९ सालचा, आणि त्याचा गाजावाजा झाला १९७५ सालीं. मध्यें सव्वीस वर्षें गेलीं. कोणत्या नोकरींत सव्वीस वर्षें वाट पाहिली जाते? भांडारकरांच्या वेळीं माप नव्हतें म्हणून अन्याय झाला. कापरेकरांना कोणतेंही माप लावलें असतें तरी तें अपुरेंच पडलें असतें. या दोन हकीकती शेजारीं ठेवल्या म्हणजे प्रश्नाचीं दोन्ही टोकें दिसतात.

आपल्या देशांत हें माप कसें आलें तेंही पाहिलें पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं नियम केले आणि प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांसाठीं गुणांची पद्धति घातली. मान्य नियतकालिकांतील निबंधाला पंधरा गुण. नियतकालिकाचा प्रभावांक मोठा असेल तर त्यांत भर. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला पन्नास गुण, राष्ट्रीय पातळीवरील प्रकाशकाच्या ग्रंथाला पंचवीस, स्थानिक प्रकाशकाच्या ग्रंथाला पंधरा. हेतु वाईट नव्हता. मर्जीचा कारभार थांबावा, ज्याचें काम अधिक त्याला अधिक मिळावें, असा तो होता. परंतु गुण आले तशी गुणांची दुकानेंही आलीं. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें ठिकठिकाणीं निघालीं. मग आयोगानें २०१७ सालीं मान्य नियतकालिकांची यादी केली. २०१८ च्या मे महिन्यांत त्या यादींतून ४,३०५ नांवें एकदम वगळावीं लागलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस नवी व्यवस्था झाली. तिचें बरेंच काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठांत चाले. अखेर २०२५ च्या फेब्रुवारींत आयोगानें तीही यादी बंद केल्याचें जाहीर केलें आणि नियतकालिकाची पारख ज्या त्या विद्यापीठानें करावी असें ठरविलें. पंधरा वर्षांत कांटा बसविला, त्यांत दोष निघाला, तो दुरुस्त केला आणि शेवटीं काढून ठेवला, असा हा प्रवास आहे. आतां मोकळीक आली आहे. परंतु मोकळिकीबरोबर १८७३ चा तो जुना मर्जीचा कारभार परत येऊं नये, याची जबाबदारीही आली आहे.

बाहेरच्या जगांत हाच अनुभव आला. २०१२ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें शास्त्रज्ञ व संपादक यांनीं एकत्र येऊन एक जाहीरनामा तयार केला. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून माणसाची नेमणूक किंवा बढती ठरवूं नये, प्रत्यक्ष काम वाचून ठरवावी, असें त्याचें सार. इंग्लंडांत २०१४ सालच्या विद्यापीठ-तपासणींत आणखी एक पाऊल पुढें पडलें. संशोधनाचा विद्यापीठाबाहेर, म्हणजे शेतीवर, आरोग्यावर, कायद्यावर, लोकांच्या राहणीवर काय परिणाम झाला, याची चार पानांची हकीकत पुराव्यासह मागविण्यांत आली. एकंदर मूल्यमापनांत या परिणामाला शेंकडा २० वजन होतें. २०२१ च्या तपासणींत तें शेंकडा २५ झालें. तेथेंही तक्रारी आहेत. हकीकत लिहिण्याची ज्याला हातोटी आहे त्याचें काम अधिक चांगलें दिसतें, अशी एक तक्रार आहे. तरी पण आंकड्याजवळ हकीकतीला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाहीं.

या सर्व इतिहासाचा माझ्यापुरता निष्कर्ष असा. विद्वानाच्या कामाचा माग ठेवला पाहिजे, आणि तो काम चालूं असतांनाच ठेवला पाहिजे. काम कोणीं वाचलें, कोणीं वापरलें, कोणीं त्यांतील चूक दाखविली, कोणत्या गांवीं कोणती वहिवाट त्यामुळें बदलली, याची तारीखवार नोंद ज्याची त्यानें करावी. यांत आत्मस्तुति नाहीं. शेतकरी आपल्या पिकाची टिपणवही ठेवतो तशीच ही वही. कापरेकरांनीं पुस्तिका छापून ठेवल्या नसत्या तर परदेशच्या लेखकाला त्यांचा पत्ता कोठून लागला असता? भांडारकरांनीं लेण्यांतील लेखांवरचा निबंध लंडनला पाठविला नसता तर नाशिकचे ते लेख आणखी किती वर्षें मुके राहिले असते? परंतु माग ठेवणें हें काम करणाराचें कर्तव्य झालें. तपासणाराचें कर्तव्य याहून निराळें आहे. त्यानें तो माग धरून प्रत्यक्ष कामापर्यंत जावें, तें वाचावें आणि आपलें मत कारणांसह लिहून त्याखालीं सही करावी. आंकडे मोजण्याचें काम कारकून करूं शकतो. त्यासाठीं विद्वानांची समिति बसविण्याचें कारण नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याला मीं हेंच सांगितलें. “त्या पुस्तिकेसाठीं रकाना नसेल तर एक कोरा कागद फाईलीला जोड,” असें मीं म्हटलें. तो म्हणाला, “गुरुजी, कागद जोडीन, पण तुम्ही म्हणतां म्हणून तो कोणी वाचील का?” याचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. तरी आम्ही दोघे दुसऱ्या दिवशीं निघालों. ज्यांनीं चाळ बदलली त्या शेतकऱ्यांच्या घरीं गेलों. चाळीचा तळ आधीं किती उंच होता, आतां किती. चार महिन्यांनीं किती पोतीं फेंकावीं लागत, आतां किती लागतात, हें विचारून लिहून घेतलें. एका वृद्ध शेतकऱ्यानें पुस्तिका देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर जपून ठेवली होती. पानांना कांद्याचा वास येत होता. दुसऱ्यानें स्पष्ट सांगितलें कीं, पुस्तिकेंतील एक सूचना त्याच्या जागीं लागू पडली नाहीं, वारा अडला, आणि त्याचें नुकसान झालें. माझा विद्यार्थी तें लिहून घेण्यास कचरला. मीं म्हटलें, “तेंही लिही. ज्याचा परिणाम होतो त्याच्याच चुकीचाही परिणाम होतो.” त्यानें तें लिहिलें.

चार पानांची ती हकीकत फाईलींत गेली आहे. समितीचा निर्णय अजून आलेला नाहीं. तो कसाही आला तरी, त्या नुकसान झालेल्या शेतकऱ्याच्या चाळीची पश्चिमेकडील बाजू यंदाच्या उन्हाळ्यापूर्वी दोघांनीं मिळून मोकळी केली, आणि पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ति काढण्याची तयारी चालूं आहे. नव्या आवृत्तींत त्या चुकीचा उल्लेख पहिल्याच प्रकरणांत येणार आहे.

आपल्या आसपास असा कोणी काम करणारा असेल, शाळेंत असो, महाविद्यालयांत असो वा बांधावर असो, तर त्याचें काम आपण वाचावें, आणि त्याचा आपल्याला उपयोग झाला असेल तर दोन ओळी लिहून, खालीं तारीख घालून त्याला पाठवाव्या. पोस्टकार्डावर लिहिल्या तरी चालतील. त्याला त्या केव्हां उपयोगी पडतील तें आज सांगतां येत नाहीं.